पुठ्ठ्याचे अंतराळयान

ठाणाकुशनूर येथील एका मुलाने पुठ्ठ्याचे कल्पित अंतराळयान करून आम्हांस दाखविले. घरी त्यावर ‘रिकामपणचा उद्योग’ म्हणून बोलणी बसली होती. यान गुळगुळीत, म्हणून खेळणेच भासे. “बाळा, यात माणूस केवढा?” आम्ही विचारले. त्यास सांगता येईना. १:१०० प्रमाण धरल्यास १७५ सेंटिमीटरांचा मनुष्य १७.५ मिलिमीटरांचा होतो. दार त्याहून किंचित उंच हवे. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ चित्रपटातील ‘डिस्कव्हरी’ची मोठी प्रतिकृती ५४ फुटांची होती, बारकाव्यांसाठी बाजारातील प्लॅस्टिक खेळसंचांचे सुटे भाग वापरले होते. ते येथे कोठले? त्याने मोडका रेडिओ व पेनांची टोपणे जमविली. दार मात्र दोनदा चुकले. तिसरे कापणे चालू आहे, आणि पट्टी वडिलांनी धरली आहे.