माळेंतील न बदलणारे मणी

पोलिओच्या विषाणूस नक्कलकारकून म्हणून कोणत्याहि कचेरींत कोणी ठेवणार नाहीं. त्याचा सारा दस्तऐवज सुमारें ७,५०० अक्षरांचा; पण तो उतरवून घेतांना सरासरीनें दर प्रतीमागें सुमारें एक चूक व्हावयाची. इतका गबाळेपणा करूनहि हा शत्रु पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा, असा प्रश्न आमच्या वाचकांस पडल्यावांचून राहणार नाहीं.

त्याचें उत्तर विषाणूंच्या प्रथिनांत आहे. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ओंवलेली माळ. १९८४ सालीं कॅमर व आर्गॉस या संशोधकांनीं निरनिराळ्या विषाणूंतील नक्कल करणाऱ्या प्रथिनाच्या माळा शेजारीं शेजारीं ठेवून मणी न्‌ मणी ताडून पाहिला. पोलिओचा विषाणू मुलांचे पाय लुळे करणारा. तंबाखूचा मोझाइक विषाणू पानांवर डाग पाडणारा. दोघांच्या माळांत साम्य थोडेंच. पण एका जागीं एक ग्लायसीन आणि त्यापुढें लागोपाठ दोन अ‍ॅस्पार्टिक आम्लें, हें त्रिकूट दोहोंतहि निघालें!

तें टिकलें कां? या आम्लांच्या चिमटींत मॅग्नेशियमचे कण धरले जातात, व त्यांच्याच साह्यानें नव्या प्रतीला पुढचें अक्षर जोडलें जातें. चूक तेथेंहि होते. पण मग नक्कलच थांबते, आणि ज्याची नक्कल नाहीं त्याचा वंश नाहीं. आपणांस दिसतात ते वांचलेलेच. नियमास थोडा अपवादहि आहे. गोंवर व रेबीज यांच्या विषाणूंत दुसऱ्या अ‍ॅस्पार्टिकच्या जागीं अ‍ॅस्पॅराजीन असतें. पहिलें मात्र जागचें हललेलें नाहीं.

रोग्याच्या दृष्टीनें महत्त्वाची हकीकत पुढेंच आहे. एड्सच्या विषाणूंत याच ठिकाणीं टायरोसीन, मेथिओनीन व तींच दोन आम्लें असतात. १९९५ सालीं अमेरिकेंत लॅमिव्ह्युडीन या औषधास मान्यता मिळाली. तें एकटेंच दिलें असतां कांहीं आठवड्यांतच मेथिओनीनच्या जागीं व्हॅलीन येऊन बसतें आणि औषध लागू पडेनासें होतें. शेजारचीं दोन आम्लें मात्र तशींच! यकृतास सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी च्या विषाणूचाहि हाच डाव. मणी बदलल्याची किंमत त्यास द्यावी लागते; बदललेला विषाणू नक्कल मंदपणें करतो. एड्सवर दोन-तीन औषधें एकत्र देतात तीं याचसाठीं, कीं एका जागेची पळवाट त्यास पुरूं नये. तेव्हां घरांत कोणी अशीं औषधें घेत असेल, तर बरें वाटलें म्हणून त्यांतील एखादें त्यास आपल्या मनानें सोडूं देऊं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

२०२० सालीं करोना विषाणूच्या नक्कल करणाऱ्या प्रथिनाची रचना पाहण्यांत आली, तेव्हां तेथें ग्लायसीनऐवजीं सेरीन होतें. त्याच्या पुढचीं दोन आम्लें तींच होतीं.