मकपेलाचे खरेदीखत : आद्यमाता सारेचे चरित्र आणि वारसा

हिब्रू धर्मग्रंथांत राण्या आहेत, संदेष्ट्या आहेत, इस्राएलाचा न्यायनिवाडा करणारी दबोराही आहे. परंतु मृत्युसमयीचे जिचे वय ग्रंथकाराने आवर्जून नोंदविले, अशी स्त्री त्या संपूर्ण वाङ्मयात एकच, आणि ती म्हणजे अब्राहामाची धर्मपत्नी सारा. उत्पत्ती ग्रंथाचा २३वा अध्याय तिच्या १२७ वर्षांच्या आयुष्याची नोंद करून सुरू होतो आणि पुढे जवळजवळ संपूर्णपणे एका जमिनीच्या व्यवहारात रमतो. ज्या कनान देशाचे वचन परमेश्वराने अब्राहामास वारंवार दिले होते, त्या देशातील जो पहिला भूखंड त्याच्या मालकीचा झाला, तो सारेच्या दफनासाठी, रोख मोबदला देऊन, साक्षीदारांसमक्ष विकत घेतलेला होता; या एका घटनेच्या प्रकाशात तिचे चरित्र वाचावे, असे मला वाटते.

खास्द्यांच्या ऊर नगरातून हारानास आणि हारानातून कनानास गेलेल्या या कुटुंबाची ओळख करून देताना ग्रंथकार सारेच्या सौंदर्याआधी तिच्या वंध्यत्वाचा उल्लेख करतो. अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि ती त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. दुष्काळामुळे मिसर देशी जावे लागले असता जिवाच्या भयाने त्याने तिला आपली बहीण म्हणविले आणि ती फारोच्या अंतःपुरात नेली गेली. पुढे गरारचा राजा अबीमलेख याच्या घरी हाच प्रसंग पुन्हा ओढवला, आणि त्या राजाने तिच्या अब्रूची भरपाई म्हणून १००० रौप्यमुद्रा दिल्या. या दोन्ही प्रसंगी सारेच्या मनात काय आले असेल, यासंबंधी ग्रंथात एक अक्षरही नाही.

कनानात दहा वर्षे लोटल्यावरही संतती न झाल्याने तिने आपली मिसरी दासी हागार पतीस दिली. हे कृत्य आजच्या वाचकास विलक्षण वाटले, तरी तत्कालीन पश्चिम आशियाच्या रिवाजात ते बसणारे होते. किर्कुकनजीकच्या नुझी येथे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सापडलेल्या मृत्पट्टिकांत, पत्नी निपुत्रिक राहिल्यास तिने पतीस दासी मिळवून द्यावी, अशी अट घातलेला विवाहकरार आहे. आणि हम्मुराबीच्या संहितेतील १४६वे कलम तर असे सांगते की, पुजारिणीने पतीस दिलेली दासी अपत्य झाल्यावर मालकिणीची बरोबरी करू लागली, तर मालकिणीने तिला विकू नये, मात्र पुन्हा दासींत गणावे. हागार गर्भवती झाल्यावर मालकिणीस तुच्छ लेखू लागली आणि सारेने तिला इतके जाचले की ती रानात पळून गेली; म्हणजे त्या कलमात ज्या कलहाची तरतूद आहे, तोच कलह या घरात मूर्तिमंत उभा राहिला.

पुढे मम्रे येथील वृक्षराजीत आलेल्या तीन अतिथींनी पुत्रजन्माचे भाकीत केले, तेव्हा तंबूच्या दाराआड उभी असलेली सारा मनातल्या मनात हसली. आणि वयाच्या नव्वदीत तिने इसहाकास जन्म दिला. मातृत्वाच्या या कृतार्थतेतच तिच्या हातून कठोर कृत्य घडले. इसहाकाचे दूध तोडण्याच्या मेजवानीनंतर तिने हागार व तिचा मुलगा इश्माएल यांस घालवून देण्याचा आग्रह धरला, आणि भाकरी व पाण्याची एक पखाल घेऊन ती माता पुत्रासह बैर-शेब्याच्या रानात भटकू लागली. हे सर्व परमेश्वराच्या अनुज्ञेने घडले, असे ग्रंथ म्हणतो. तथापि तोच ग्रंथ सांगतो की, परमेश्वराने रानातील त्या मुलाचा आक्रोश ऐकला आणि हागारेस पाण्याची विहीर दाखविली. इस्लामी परंपरेत सफा व मरवा या टेकड्यांमधील हाजींच्या सात फेऱ्या याच मातेच्या धावाधावीचे स्मरण करतात.

इसहाकाचे बलिदान देण्यास अब्राहाम निघाल्याचा प्रसंग २२व्या अध्यायात येतो आणि त्यानंतर लगेच सारेच्या मृत्यूची वार्ता येते. म्हणून त्या प्रसंगाची बातमी ऐकूनच तिने प्राण सोडला, असे ज्यू भाष्यकारांच्या परंपरेत सांगितले जाते. मृत्यू किर्याथ-आर्बा, म्हणजे हेब्रोन येथे झाला. अब्राहाम शोक आवरून उठला आणि दफनासाठी जागा मागण्यास तेथील हित्ती लोकांपुढे उपरा म्हणून नम्रपणे उभा राहिला. जमिनीचा मालक एफ्रोन याने ती बक्षीस देऊ केली असता त्याने ती नाकारली, पूर्ण किंमत विचारली, आणि घासाघीस न करता ४०० शेकेल चांदी तोलून दिली. शेकेल सुमारे ११ ग्रॅमचा धरल्यास हे वजन साडेचार किलोच्या आसपास जाते. पुढील काळात यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचे शेत अवघ्या १७ शेकेलांस घेतले, हे पाहता एफ्रोनाने मागितलेली किंमत भारीच म्हणावी लागेल. मकपेलाचे शेत, त्यातील गुहा, चतुःसीमेतील सर्व झाडे आणि वेशीत जमलेले साक्षीदार, असा सगळा तपशील ग्रंथात एखाद्या खरेदीखताच्या काटेकोरपणे नमूद झाला आहे. देववचनाच्या आधारावर त्याने हक्क सांगितला नाही; देशच्या लोकांची संमती आणि पुरे दाम यांच्या बळावर कबजा घेतला.

पुढे अब्राहाम, इसहाक, त्याची पत्नी रिबका, त्यांचा पुत्र याकोब आणि याकोबाची पत्नी लेआ यांची समाधिस्थाने त्याच मकपेलाच्या गुहेत झाली. हेरोद राजाने तिच्याभोवती उभारलेली भव्य पाषाणभिंत अद्याप उभी आहे. १२६७ साली मामलूक सुलतान बैबर्सने ज्यू व ख्रिस्ती लोकांस आत जाण्याची मनाई केली, आणि त्यानंतर १९६७ पर्यंत ज्यूंना बाहेरील जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच मुभा राहिली. १९२९ साली हेब्रोनात ६७ ज्यूंची हत्या झाली. १९९४ साली एका ज्यू बंदुकधाऱ्याने त्याच वास्तूत नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांस ठार केले, आणि तेव्हापासून ती वास्तू दोन्ही धर्मीयांत विभागलेली आहे.

सारेचा वारसा मात्र दगडी भिंतीपुरता नाही. बाबेलच्या बंदिवासाच्या काळाशी संबद्ध असलेल्या यशया ग्रंथाच्या उत्तरभागात हताश लोकांस आपल्या मूळ पित्याबरोबर या मूळ मातेकडेही पाहण्यास सांगितले आहे. तल्मूदातील मगिल्ला प्रकरणाने तिला सात संदेष्ट्यांत प्रथम गणले. शुक्रवारी सायंकाळी ज्यू घरांत मुलींस सारा, रिबका, राहेल व लेआ यांच्यासारखे होण्याचा आशीर्वाद दिला जातो. आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलातील चरित्रांवर मराठी कीर्तने रचली, तेव्हा हे कुलवृत्त आपल्या भाषेत, आपल्याच कथापरंपरेच्या थाटात उतरले.

सारेस निर्दोष देवता ठरविण्याचे कारण नाही, आणि हागारेच्या अश्रूंकरिता तिची दीर्घ प्रतीक्षा व श्रद्धा उणी लेखण्याचेही कारण नाही. ग्रंथकाराने दोन्ही गोष्टी न लपविता सांगितल्या, यातच त्याची सत्यनिष्ठा दिसते. त्याने नोंदविलेली आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते : अब्राहाम वारला तेव्हा सारेसाठी घेतलेल्या त्याच गुहेत त्याला इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून मूठमाती दिली. तिने ज्यांना विलग केले, ते तिच्याच समाधीपाशी एकत्र आले. त्या भूमीवर आज जे जे दावे सांगितले जातात, त्या सर्वांहून संमतीने घेतलेला हा पहिला हक्क आणि दोन भावांनी मिळून केलेला हा विधी मला अधिक वंदनीय वाटतो. जिज्ञासू वाचकाने उत्पत्तीचे १६, २१, २३ आणि २५ हे अध्याय एकाच बैठकीत सलग वाचावेत, एवढीच विनंती.