बॅगपाइपचा सूर हवामानानुसार का बदलतो? दिशा, आकार आणि गुणोत्तर

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. थंड सकाळी नीट सुरात लावलेला बॅगपाइप दुपारच्या उन्हात बेसूर का होतो?

विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या तोंडून बहुतेक वेळा असं उत्तर येतं: "उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, नळी लांब होते, म्हणून सूर उतरतो." ऐकायला एकदम बिनतोड. पण प्रत्यक्षात ऊन लागल्यावर बॅगपाइपचा सूर उतरत नाही, चढतो! शाळेतला नियम बरोबर, तर्कही बरोबर, आणि निष्कर्ष मात्र उलटा. संशोधनात आपण अशा पटणाऱ्या स्पष्टीकरणांच्या जाळ्यात सहज सापडतो. त्यातून सुटायला तीन प्रश्न पुरतात: परिणामाची दिशा कुठली? आकार केवढा? आणि गुणोत्तर बदलतं का?

आधी वाद्य समजून घेऊ

विजय चौकातल्या बीटिंग रिट्रीटला लष्कराच्या बँडमध्ये दिसतो तो स्कॉटलंडचा ग्रेट हायलँड बॅगपाइप. काखेत पिशवी, तिच्यात तोंडाने हवा भरायची आणि कोपराने ती दाबायची. हवा चार नळ्यांमधून बाहेर पडते. एक चँटर, ज्यावर बोटांनी नऊ स्वर वाजतात. उरलेले तीन ड्रोन (उडणारे नव्हेत!), जे तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून राहतात. चँटरचा आधारस्वर आजकाल ४७० हर्ट्झच्या वर असतो. सोयीसाठी ४७० धरू. दोन टेनर ड्रोन त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे २३५ हर्ट्झवर, आणि बेस ड्रोन दोन सप्तकं खाली.

चँटरमध्ये सनईसारखी दुहेरी पत्ती असते, ड्रोनमध्ये एकेरी. फरक असा, की सनईवादक पत्ती ओठात धरतो आणि सूर हलला तर ओठांच्या दाबाने सावरतो. बॅगपाइपवाल्याच्या ओठांचा पत्तीशी संबंधच येत नाही, ती आत बंद असते. त्यामुळे हवामानाने केलेला बदल वाजवता वाजवता दुरुस्त करायला फारसा वाव नाही.

प्रश्न १ आणि २: दिशा आणि आकार

नळीतल्या हवेच्या स्तंभाची कंप्रता दोन गोष्टींवर ठरते: स्तंभाची लांबी आणि ध्वनीचा वेग. तापमान १० अंशांवरून २० अंशांवर गेलं असं समजा.

लांबी: लाकूड तंतूंच्या दिशेने फार कमी प्रसरण पावतं. एका अंशाला दहा लाखांत साधारण ५ भाग धरा. १० अंशांना ५० भाग, म्हणजे ०.००५ टक्के. ४७० हर्ट्झवर हा फरक ०.०२ हर्ट्झच्या आसपास. कानाला कळणारही नाही.

ध्वनीचा वेग: १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, २० अंशांना ३४३. वाढ जवळपास १.८ टक्के. ४७० चे होतात ४७८. दोन लगतच्या अर्धस्वरांमधल्या अंतराचा जवळजवळ एक तृतीयांश!

म्हणजे प्रसरण होतं, पण ध्वनीच्या वेगाचा परिणाम त्याच्या साडेतीनशे पट मोठा आणि उलट दिशेचा. तारेच्या वाद्यांत तार तापली की सैल पडते आणि सूर उतरतो. तिथे प्रसरण महत्त्वाचं. नियम एकच, पण कुठल्या वाद्यात कुठला परिणाम वरचढ ठरतो हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही.

आता आर्द्रता. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवेत ध्वनी किंचित वेगाने जातो. २० अंशांना पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण संपृक्त हवेपर्यंत गेलो तरी वाढ ०.३ ते ०.४ टक्के. म्हणजे जेमतेम दोन अंश तापमानाइतकी. शिवाय वादक फुंकतो ती उच्छ्वासाची हवा. तिच्यात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो जड, म्हणून वेग साधारण एक टक्क्याने कमी करतो. वाफ सूर चढवते, कार्बन डायऑक्साइड उतरवतो, आणि दोन्ही एकाच श्वासातून येतात. नुसता "दमटपणाचा परिणाम" मोजायला निघालात, तर हा दुसरा घटक गुपचूप आकड्यांत शिरलेला असेल.

प्रश्न ३: गुणोत्तर बदलतं का?

खरी गंमत इथे आहे. चँटर आणि ड्रोन दोघांतली हवा सारखीच तापली, तर चारही कंप्रता एकाच गुणकाने वाढतील. ४७० : २३५ हे २ : १ गुणोत्तर तसंच राहील. एकटा वादक सगळाच किंचित वरच्या पट्टीत जाईल, पण स्वतःशी सुरातच असेल.

तरीही तो बेसूर होतो. का? कारण बदल सगळीकडे सारखा होत नाही. चँटर बोटांत धरलेला, ड्रोन खांद्यावरून उघड्या वाऱ्यात. शिवाय पत्त्या वेगळ्या. चँटरची पत्ती सहसा अरुंडो डोनॅक्स या बोरूसारख्या उंच गवताची असते. ती ओलावा शोषते, त्याबरोबर तिचं वजन आणि ताठपणा बदलतो. ड्रोनमध्ये आज अनेक वादक कृत्रिम पदार्थांच्या पत्त्या वापरतात, त्या पाणी पीत नाहीत. म्हणजे त्याच ओल्या श्वासाला दोन नळ्या दोन वेगळी उत्तरं देतात, आणि गुणोत्तर मोडतं.

हे कानाला लगेच कळतं. चँटर ४७१ वर सरकला आणि ड्रोन २३५ वरच राहिला, तर ड्रोनच्या ४७० च्या घटकाशी सेकंदाला एक विस्पंद ऐकू येतो. वादक ड्रोनचा सांधा थोडा वर-खाली सरकवतो तो हाच विस्पंद घालवायला.

एक बारकावा. चँटरमध्ये पत्ती आत ढकलली की वरचे स्वर खालच्या स्वरांपेक्षा जास्त चढतात, कारण त्यांचा हवास्तंभ आखूड असतो आणि तेवढाच बदल त्याच्या प्रमाणात मोठा ठरतो. म्हणून पत्ती हलवून सगळं दुरुस्त होत नाही. मग एकेका छिद्राच्या वरच्या कडेवर चिकटपट्टी लावून तो स्वर उतरवावा लागतो.

प्रत्यक्षात काय पणाला लागतं

ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनच्या मैदानावर पाइप बँडची जागतिक स्पर्धा होते. १९८७ साली कॅनडातल्या ओंटारिओच्या ७८ वी फ्रेझर हायलँडर्स या बँडने ती जिंकली. स्कॉटलंडबाहेरचा हा पहिलाच विजेता. १९९८ मध्ये मेलबर्नचा व्हिक्टोरिया पोलीस बँड जिंकला. असे बँड आपल्या हवेत मुरलेल्या पत्त्या घेऊन दुसऱ्याच हवेत उतरतात, आणि वीसेक चँटर एकमेकांशी जुळवावे लागतात. म्हणून पिशवीत ओलावा शोषणारे सिलिका जेलचे डबे बसवतात, आणि मैदानात उतरण्याआधी बराच वेळ वाजवून वाद्य स्थिर होऊ देतात. आपल्या प्रयोगशाळेत उपकरण "गरम होऊ देणं" म्हणतो, तेच हे!

आणि निसर्गाने नाही, पण वाद्य बनवणाऱ्यांनी आपल्याला एक तयार तुलना दिली आहे. आयर्लंडच्या इलन पाइपमध्ये हवा भात्याने भरतात, तोंडाने नाही. श्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही बाद. तरीही त्याच्या पत्त्या खोलीतल्या हवेला फार संवेदनशील असतात. याचा अर्थ पत्तीवर बाहेरच्या हवामानाचाही थेट परिणाम होतो, सगळा दोष श्वासाला देता येत नाही. प्रयोगाची आखणी करताना अशी "एक घटक काढून टाकलेली" जोडी आधी शोधा. बरेचदा ती अगोदरच कुठेतरी अस्तित्वात असते.

आता एक गणित तुमच्यासाठी. एकाच बँडमधले दोन वादक, एक सावलीत, दुसरा उन्हात. उन्हातल्या चँटरमधली हवा ३ अंशांनी गरम. दोघे आधारस्वर धरून उभे आहेत. सेकंदाला किती विस्पंद ऐकू येतील? कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी कुणाचा सूर वर असेल ते लिहा, मग उत्तर एकापेक्षा जास्त की कमी याचा अंदाज लिहा, आणि शेवटी आकडेमोड करा. क्रम तोच ठेवा.