कापलेले पैसे, अडकलेले पैसे

खात्यात पुरेसे पैसे नसताना डेबिट कार्ड वापरले तर उरलेली रक्कम बँक स्वतः भरते आणि मग ग्राहकाकडून भरमसाट दंड वसूल करते, ही भीती अंधेरी-बोरिवलीच्या अनेक घरांत परदेशातल्या नातेवाइकांच्या बोलण्यातून येऊन पोचली आहे. आपल्या साध्या बचत खात्याला ती लागू नाही. इथे पैसे अपुरे असतील तर कार्ड नाकारले जाते आणि व्यवहार तिथेच संपतो. पण त्यावरून ‘म्हणजे आपल्याकडे दंडच नाही’ असा निष्कर्ष काढणे हा दुसरा, अधिक महागात पडणारा गैरसमज आहे. आपल्याकडचे बहुतेक दंड ठरलेल्या दिवशी पैसे कमी पडल्याबद्दल लागतात. बँकांनाही अशाच तारखा पाळाव्या लागतात आणि त्या चुकल्या तर बँकेने ग्राहकाला पैसे द्यायचे असतात. पहिल्या प्रकारच्या तारखा पैसे कापले गेल्यावर कळतात, दुसऱ्या प्रकारच्या तर अनेकांना कधीच कळत नाहीत. माझ्या मते ग्राहकाचे खरे नुकसान या अज्ञानातून होते.

आधी ओव्हरड्राफ्टचा मुद्दा निकालात काढू. अमेरिकेत अनेक बँका अपुऱ्या शिलकीवरचा व्यवहारही मंजूर करत आणि दर वेळी तीस-पस्तीस डॉलर आकारत. २०१० मध्ये तिथल्या फेडरल रिझर्व्हच्या नियमाने एटीएम आणि कार्डावरच्या एकवेळच्या खरेदीसाठी असे शुल्क लावण्याआधी ग्राहकाची संमती घेणे बंधनकारक केले. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून ठरावीक रकमेचे ओव्हरड्राफ्ट शुल्कच बंद केले. आपल्याकडे ओव्हरड्राफ्ट म्हणजे आधी मंजूर करून घेतलेले कर्ज. ते मुदत ठेवीवर, पगारावर किंवा व्यवसायाच्या खात्यावर मिळते आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते. जनधन खात्यावरही पात्र ग्राहकाला १०,००० रुपयांपर्यंत ही सोय आहे, पण ती कार्ड घासल्याने आपोआप सुरू होत नाही. अडीनडीला अमेरिकेसारखी सोय बरी, असे कोणी म्हणेल. पण छोट्या खरेदीवर तिच्या कित्येक पट शुल्क भरावे लागले, म्हणून तर त्या देशांना आपले नियम बदलावे लागले. दुकानात कार्ड नाकारले गेले की क्षणभर ओशाळल्यासारखे होते, पण न मागितलेल्या कर्जापेक्षा ते बरे.

तरीही हा नकार नेहमीच फुकट नसतो. खात्यात कमी पैसे असताना दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून रक्कम काढायला गेलात आणि व्यवहार नाकारला गेला, तर अनेक बँका साधारण २० ते २५ रुपये आणि त्यावर जीएसटी आकारतात. काही बँका दुकानातल्या मशीनवरच्या नकारालाही हेच लावतात. मात्र बिघाड मशीनचा असेल, नेटवर्क गेले असेल किंवा एटीएममध्ये नोटाच नसतील, तर तो व्यवहार मोफत व्यवहारांच्या संख्येत धरता येत नाही आणि त्याला शुल्कही लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. ‘आधी शिल्लक बघू, मग काढू’ हा शहाणपणाही मुंबईत जपून करावा. महानगर असल्यामुळे इथे दुसऱ्या बँकांच्या एटीएमवर महिन्याला ३ च व्यवहार मोफत आहेत आणि शिल्लक तपासणे हाही त्यातलाच एक. त्यापुढच्या व्यवहाराला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क आणि वर कर लागू शकतो. शिल्लक मोबाइलवरच पाहावी.

किमान शिलकीबद्दल सर्वांत जास्त घोळ आहे. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी दंड बसतो, असे अनेकांना वाटते. बहुतेक बँका सरासरी धरतात, म्हणजे रोज दिवसअखेरची शिल्लक मोजून महिन्याच्या दिवसांनी भागतात. सरासरी १०,००० रुपयांची अट असलेल्या खात्यात १० दिवस २२,००० आणि उरलेले २० दिवस ४,००० रुपये राहिले, तरी बेरीज ३ लाख होते आणि अट पूर्ण होते. उलट ३० दिवस ९,००० ठेवले तर एकदाही मोठा खड्डा न पडता अट मोडते. सीप्झ किंवा मालाडच्या कार्यालयांत नोकरी बदलणाऱ्यांची फसगत वेगळ्या ठिकाणी होते. पगार जमा होणे थांबले की काही महिन्यांत जुने पगार खाते साधे बचत खाते बनते आणि किमान शिलकीची अट गुपचूप लागू होते. तरीही हा दंड कसाही लावता येत नाही. १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या नियमांनुसार बँकेने आधी कळवून शिल्लक भरायला महिन्याची मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणात ठेवायचा आणि निव्वळ या दंडामुळे खाते उणे होऊ द्यायचे नाही.

यावर बँकांचे म्हणणे असे की शाखा, कार्ड, एटीएम यांना खर्च येतो आणि अटी ग्राहकाने सही करून मान्य केलेल्या असतात. यात तथ्य आहे. रक्कम किती असावी हे बँकेने ठरवावे, अशीच रिझर्व्ह बँकेचीही भूमिका आहे. पण हा खर्च कोणाच्या खिशातून वसूल होतो, हे पाहावे लागेल. किमान शिलकीच्या दंडापोटी सरकारी बँकांनी मार्च २०२४ पर्यंतच्या पाच वर्षांत सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले, असे सरकारनेच लोकसभेत सांगितले. ज्याच्याकडे १०,००० रुपये पडून असतात तो हा दंड भरत नाही, नसतात तोच भरतो. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये ही अट काढून टाकली आणि २०२५ मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही तेच केले. या दंडावाचून बँक चालत नाही, हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो.

सर्वांत जड दंड मात्र हप्ता परत गेल्याचा. ‘आज रविवार आहे, ईएमआय उद्या कापला जाईल’ हा हिशेब १ ऑगस्ट २०२१ पासून चुकीचा ठरला आहे. त्या दिवसापासून ऑटो-डेबिटची राष्ट्रीय यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते, गणेश चतुर्थीच्या सुट्टीतही. शिवाय वजावट सकाळीच होऊ शकते. ५ तारखेचा हप्ता असेल तर पैसे ४ तारखेच्या रात्रीच खात्यात हवेत, ५ च्या दुपारी येणाऱ्या पगारावर भिस्त ठेवू नये. हप्ता परत गेला की आपली बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघेही शेकडो रुपयांत आकारणी करतात, पुन्हा प्रयत्न फसला तर पुन्हा, आणि क्रेडिट स्कोअरला धक्का बसतो तो वेगळाच. चेकचेही तसेच. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटू शकतो, म्हणून ‘वटायला दोन दिवस लागतील’ या भरवशावर चेक फाडू नये.

आता अडकलेल्या पैशांकडे येऊ. घाटकोपर स्टेशनबाहेर भाजीवाल्याचा क्यूआर स्कॅन केला, खात्यातून १८० रुपये गेले आणि पडद्यावर ‘पेंडिंग’ आले. पैसे अजून आपल्याकडेच आहेत, असे ‘पेंडिंग’ वाचून वाटते. प्रत्यक्षात आपल्या शिलकीतून ते वजा झालेले असतात, फक्त पलीकडे जमा झाल्याची खात्री आलेली नसते. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवले आणि पहिलेही पोचले, तर दोन्ही व्यवहार यशस्वी ठरतात आणि जादा रक्कम विक्रेत्याकडूनच मागावी लागते. चुकीच्या नंबरावर गेलेले पैसेही ‘फसलेला व्यवहार’ ठरत नाहीत. आयपीओसाठी राखून ठेवलेल्या रकमेची गोष्ट उलटी आहे. ती खात्यातच असते, तिच्यावर व्याजही मिळते, पण वापरता येत नाही. म्हणून पडद्यावरच्या दोन आकड्यांपैकी ‘अव्हेलेबल बॅलन्स’ हाच खर्चाचा आकडा मानावा.

खरोखर फसलेल्या व्यवहारासाठी बँकेवर तारीख बांधलेली आहे आणि तीच सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एटीएममधून नोटा न येता पैसे कापले गेले, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत यायला हवेत. दुकानातल्या मशीनवर किंवा ऑनलाइन खरेदीत अडकलेल्या पैशांना आणि यूपीआयने व्यापाऱ्याला केलेल्या फसलेल्या व्यवहारालाही हीच मुदत आहे. यूपीआयने एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेल्या पैशांना फक्त १ दिवस. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने न मागता. समजा मुलुंडच्या एटीएममध्ये ३ तारखेला २,००० रुपये अडकले. मुदत ८ तारखेला संपते. पैसे १५ तारखेला परत आले तर उशीर ७ दिवसांचा, म्हणजे खात्यात २,७०० रुपये यायला हवेत. रविवार आणि सुट्ट्या यातून वगळल्या जात नाहीत, कारण मोजणी कॅलेंडरच्या दिवसांची आहे. ‘सात कामाचे दिवस थांबा’ असे कोणी सांगितले तर या नियमाकडे बोट दाखवावे.

एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडत बसणार, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. सकाळची लोकल पकडणाऱ्याला शाखेत चकरा मारायला वेळ नसतो. पण या भरपाईसाठी भांडण अपेक्षितच नाही. ती आपोआप जमा झाली पाहिजे आणि झाली नाही तर तो नियमभंग आहे. तक्रार मोबाइलवरून करता येते. व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख लिहून बँकेकडे पाठवावी, ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जावे. रक्कम छोटी असली तरी अशी प्रत्येक तक्रार नोंदली जाते आणि आपल्या चुकांची किंमत बँकेला मोजावी लागते.

यापुढची जबाबदारी मात्र बँकांचीच आहे. हप्त्याची तारीख चुकली की दंडाचा मेसेज काही क्षणांत पाठवू शकणारी यंत्रणा ‘पेंडिंग’ या शब्दाशेजारी पैसे परत येण्याची शेवटची तारीख आणि त्यानंतरची भरपाईही दाखवू शकते. ती दाखवणे सक्तीचे करावे, ही मागणी ग्राहकांनी आणि ग्राहक संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर प्रत्येकाने दोन तारखा स्वतःच लिहून ठेवाव्यात, आपल्याला पैसे भरायची आणि बँकेने आपल्याला परत करायची.