डायनॅमोला विचारून बॅटरी घ्या

दसऱ्याला झेंडूची माळ घालायची म्हणून जुनी जावा मोटारसायकल बाहेर निघते. पावसाळाभर ती कापडाखाली उभी असते. चावी फिरवली, तर चार्जिंगचा लाल दिवा पेटत नाही आणि हॉर्न नुसता घरघरतो. बॅटरी गेली. मालक रिकाम्या जागेची लांबी-रुंदी घेऊन दुकान गाठतो आणि त्या मापात बसेल ती बॅटरी उचलतो. मला ही पद्धत पटत नाही. जुन्या गाडीची बॅटरी ठरवायची ती गाडीतला डायनॅमो काय देऊ शकतो आणि काय सोसू शकतो, ते पाहून.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ साली उत्पादन सुरू झालं. १९७३ नंतर त्याच गाड्या येझदी नावाने आल्या आणि १९९६मध्ये कारखाना बंद पडला. जुन्या अडीचशे सीसी जावात सहा व्होल्टची वीजव्यवस्था आहे. डायनॅमो साधारण ४५ वॉटचा. ठिणगी पाडणारी कॉइलही बॅटरीवरच चालते, म्हणून बॅटरी मेली की किक मारून पाय दुखले तरी इंजिन दाद देत नाही. यामाहा आरएक्स १०० बॅटरीशिवायही सुरू होते. तिथे बॅटरी हॉर्न-इंडिकेटरपुरती. तेव्हा आपली गाडी यांपैकी कोणत्या जातीची, हे आधी ओळखावं.

आता जावाचा हिशेब मांडू. पुढचा दिवा ३५ वॉट, मागचा ५, कॉइलला सरासरी दहा-बारा वॉट. बेरीज पन्नासच्या पुढे गेली, म्हणजे डायनॅमोच्या कमाईपेक्षा खर्च जास्त. रात्री गावातून सावकाश जाताना तर डायनॅमो पूर्ण क्षमतेने फिरतही नाही. ही तूट बॅटरी भरून काढते. म्हणूनच अशा गाड्यांना दहा-बारा अँपिअर-तास किंवा त्याहून जास्त क्षमतेची बॅटरी लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा.

ती सहजी मिळत नाही, ही खरी अडचण. मग आणीबाणीच्या दिव्यांत वापरतात ती सहा व्होल्ट, साडेचार अँपिअर-तासाची छोटी सीलबंद बॅटरी बसवली जाते. स्वस्त असते, कुठेही मिळते, आणि दिवसा जवळपास फिरण्यापुरती चालतेही. पण दिवा लावला की ती अर्ध्या-पाऊण तासात उतरते. उतरलेल्या बॅटरीत डायनॅमो एकदम तीन-चार अँपिअर ढकलू पाहतो. तिला सोसवतात जेमतेम सव्वा-दीड. ती तापते, फुगते, आणि दुकानदाराला बोल लागतो. तीच बसवायची असेल तर सारख्याच, एकाच वेळी घेतलेल्या दोन समांतर जोडाव्यात. जुन्या काळ्या एबोनाइटच्या खोक्यातलं शिसं-ॲसिड काढून त्यात सीलबंद बॅटरी लपवणारे कारागीर आहेत. मूळ रूप राखण्याची ही धडपड मला फार आवडते. मात्र शिशाची धूळ आणि ॲसिड यांचं काम घरच्या अंगणात करू नये.

बॅटरी पाण्याची की सीलबंद? डायनॅमोचा रेग्युलेटर जुना, स्प्रिंग-पॉइंटचा असेल, तर माझा कौल पाण्याच्या बॅटरीला. जास्त चार्ज झालं तर तिचं पाणी कमी होतं, ते डिस्टिल्ड वॉटरने भरून काढता येतं. सीलबंद बॅटरीत गेलेलं पाणी परत घालता येत नाही. रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक आणि स्थिर असेल तर सीलबंद उत्तम. ॲसिड सांडून रंग आणि क्रोम खराब होण्याची धास्ती राहत नाही. पाण्याची बसवलीत तर तिची वाफ-नळी साखळी आणि सायलेन्सरपासून दूर, खाली सोडा. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते, पडून फारशी उतरत नाही, पण जुन्या रेग्युलेटरच्या चढउतारांसमोर ती जोडणं मला धोक्याचं वाटतं.

पैसे मोजण्याआधी मात्र मल्टिमीटर हाती घ्या. एखादी चांगली, भरलेली बॅटरी तात्पुरती जोडा. स्थिर असताना सहा व्होल्टच्या बॅटरीवर ६.३ किंवा थोडं अधिक दिसायला हवं. इंजिन चालू करून वेग वाढवा: आकडा सातच्या आसपास गेला तर डायनॅमो कामावर आहे. जागचा हलला नाही तर कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर तपासा. साडेसातच्या वर चढला तर नवी बॅटरीही उकळून मरेल. तारांकडेही बघा. तितक्याच वॉटसाठी सहा व्होल्टला बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, आणि त्याच तारेत उष्णतेने वाया जाणारी शक्ती चौपट होते. गंजलेलं एक अर्थिंग दिव्याचा उजेड निम्म्यावर आणतं. कित्येकदा बॅटरी निर्दोष असते आणि गुन्हेगार असतो रंगाच्या थरावर आवळलेला बोल्ट.

जुनी बॅटरी काढण्याआधी कोणती तार चॅसीला गेली आहे, ते टिपून ठेवा. लुकासची वीजयंत्रणा असलेल्या अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक चॅसीला असतं. सवयीने ऋण टोक चॅसीला जोडलं तर रेक्टिफायर जळू शकतो.

नव्या बॅटरीवरची निर्मितीची तारीख वाचून घ्या. वर्षभर फळीवर पडलेली नको. कोरडी बॅटरी असेल तर दुकानातच ॲसिड भरून घ्या, अर्धा तास मुरू द्या आणि क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे बारा अँपिअर-तासाला १.२ अँपिअरने, पूर्ण चार्ज करून मगच बसवा. टर्मिनल आवळल्यावर वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि ते पुढे चार्जिंगनेही जात नाहीत. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानात परत करा. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे तिची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला मोल असल्यामुळे दुकानदार बहुधा नव्या बॅटरीच्या किमतीत तेवढी सूटही देतो.