सोलापूरच्या उन्हात चॉकलेट, बदाम आणि शेंगाचटणी

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी बदाम घातलेल्या डार्क चॉकलेटची वडी टेबलावर ठेवली, तर थोड्याच वेळात चॉकलेट आकार सोडतं आणि बदाम तेवढे ताठ उभे राहतात. बदामाचं जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं. डार्क चॉकलेटमध्येही भरपूर स्निग्धांश असतो. मग उन्हापुढे एकानेच का हार मानावी?

कारण बदामातलं तेल आधीपासूनच पातळ असतं! ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात पेशींच्या भिंतीआड कोंडलेलं असतं. दाताखाली भिंती फुटल्या की बाहेर येतं. बदाम कडक वाटतो तो त्या भिंतींमुळे. चॉकलेटमध्ये अशा भिंती नाहीत. कोकोची भुकटी आणि साखर जागच्या जागी धरून ठेवायला गोठलेल्या कोको बटरशिवाय कोणीच नाही.

दोन्हींतल्या स्निग्ध पदार्थांची जडणघडण एकाच प्रकारची आहे. बदामतेलात ओलेइक आम्लाचं राज्य असतं आणि त्याच्या लांबलचक रेणूला मध्येच बाक असतो. कोको बटरमध्येही ओलेइक आम्ल आहे, साधारण तिसरा हिस्सा. पण बाकीची बहुतेक आम्लं सरळसोट. कडब्याच्या पेंढीत सरळ ताटं घट्ट बसतात, वाकडी ताटं फट सोडतात, तसंच हे. म्हणून बदामाचं किंवा शेंगदाण्याचं तेल सोलापूरच्या कुठल्याही ऋतूत पातळच राहतं, तर कोको बटर गोठतं.

तेही सहा प्रकारांनी! त्याचे स्फटिक सहा वेगवेगळ्या घडणींचे होतात आणि चॉकलेट करणाऱ्यांना हवा असतो तो पाचवा. त्यासाठी डार्क चॉकलेट आधी 45 अंशांच्या पुढे तापवून पूर्ण वितळवतात, मग 27-28 अंशांपर्यंत निववतात, पुन्हा 31-32 अंशांवर आणतात. इतका खटाटोप केल्यावर ते चकाकतं, कट्कन तुटतं आणि सुमारे 34 अंशांना वितळतं. तोंडातल्या उष्णतेपेक्षा किंचित खाली. वितळताना ते जिभेची थोडी उष्णता ओढून घेतं, म्हणून क्षणभर गारवाही जाणवतो. मे महिन्यात आधीच पाघळलेल्या चॉकलेटमध्ये ही सगळी मजा गेलेली असते. चॉकलेट-बदाम खायचे तर गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत खावेत, असं माझं ठाम मत आहे.

(कोकणाकडे यावर एक उतारा आहे. भेगाळलेल्या टाचांना लावतात ते कोकमाच्या बियांचं तेल चाळिशीच्या आसपास वितळतं. ते थोडं मिसळलं की चॉकलेट उन्हात जास्त तग धरतं.)

पण वितळणं आणि कुरकुरणं एवढ्यावर ही जोडी जमत नाही. खरं नातं भट्टीत जुळतं. कच्च्या कोकोच्या बीला चॉकलेटचा वास नसतो. बिया काही दिवस आंबवून, वाळवून, भाजल्या की त्यांतली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि शेकडो नवे गंध जन्मतात. ही क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार यांनी 1912 साली मांडली. त्या गंधांत पायराझीन नावाचं एक कुटुंब आहे. तेच भाजलेल्या बदामात सापडतं, आणि तेच सोलापुरात शेंगदाणे खरपूस भाजताना घरभर पसरतं. म्हणून चॉकलेटबरोबर बदाम भाजलेलाच हवा. कच्च्यात ती सोयरीक नाही.

शेंगाचटणीतही हाच डाव आहे. भाजलेले दाणे तिखट, लसूण, जिरे, मीठ घालून कुटतात. घावागणिक पेशी फुटतात, तेल सुटतं आणि चटणी ओलसर होते. मिरचीचा जहालपणा ज्या कॅप्सायसिनमुळे येतो ते पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात मात्र सहज, म्हणून तिखट प्रत्येक कणाला लागतं. सोबतीला कडक भाकरी असते. मऊ तेलकट चटणी आणि कुरकुरीत भाकरी! सोलापूरची कोरडी हवा या भाकरीला मानवते, तशी भाजलेल्या बदामालाही.

बदामाचं तेल मात्र हळूहळू चॉकलेटमध्ये झिरपतं आणि तिथली घट्ट रचना सैल करतं. बरेच दिवस ठेवलेल्या वडीवर पांढुरका थर येतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. लोक बुरशी समजून वडी फेकून देतात. ते वर आलेलं कोको बटरच असतं. खायला हरकत नाही, फक्त कट्कन तुटण्याची मजा कमी होते.

शेंगदाणा, मिरची आणि कोको हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. पहिले दोघे पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले आणि इतके रुळले की सोलापुरात त्यांना कोणी पाहुणा म्हणणार नाही. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराचं ‘मोले पोब्लानो’ प्रसिद्ध आहे. या दाट रश्श्यात सुक्या मिरच्या आणि चॉकलेट असतं, अनेक घरांत बदाम आणि भाजलेले शेंगदाणेही. तेव्हा जानेवारीत डार्क चॉकलेटच्या तुकड्यावर चिमूटभर शेंगाचटणी टाकून बघायला काय हरकत आहे? लसणामुळे बिचकू नका, तो मोलेतही असतो.