पंधराचा पाना आणि खारा वारा: सायकलच्या हत्यारपेटीतल्या १४ चटपटीत गोष्टी

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी. पहिल्या शिफ्टचा कामगार, लोकल गाठायला निघालेली मंडळी, शाळेची पोरं. या पट्ट्यात अजूनही कितीतरी घरांची सकाळ सायकलवर सुरू होते. अशा घरात माळ्यावर, खाटेखाली किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात एक पेटीही असते: पाने, पक्कड, पंप, सोल्यूशनची ट्यूब, मूठभर छर्रे. पण ऐन वेळी हवा तो पाना सापडत नाही, आणि सापडलाच तर गंजलेला निघतो. या दोन्ही दुखण्यांवर इलाज आहे, आणि त्यातला बराचसा आपल्याच गावात रोज वापरला जातो. तर उघडा पेटी!

१. मीठ हवेतून पाणी ओढतं

हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून त्यातच विरघळतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते याचमुळे. सातपाटी, केळवे, चिंचणीच्या किनाऱ्यावरून येणारा वारा असेच बारीक खारे कण आपल्या पान्यांवर आणून बसवतो. मग खिडकीतून पावसाचा एक थेंब आत आला नाही, तरी पान्यावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर तयार होतो आणि गंज धरतो. हाताच्या घामातही मीठ असतंच. म्हणून काम संपलं की दोन फडकी फिरवायची, आधी कोरडं आणि मग तेलाचं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण पान्याचं आयुष्य कितीतरी वाढतं.

२. औषधाच्या बाटलीतली पुडी फेकू नका

गोळ्यांच्या बाटलीत, नव्या बुटांच्या खोक्यात निघणारी ती छोटी पुडी सिलिका जेलची असते. दमट हवेत हे दाणे स्वतःच्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकतात. १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले की ते पाणी सोडून पुन्हा कामाला तयार होतात. निळे दाणे गुलाबी झाले की समजायचं, त्यांचं पोट भरलं. निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरतात, म्हणून ते पोरांच्या हाती लागू देऊ नयेत आणि स्वयंपाकघरातही नेऊ नयेत. एकच अट: पेटीचं झाकण घट्ट बसायला हवं. उघड्या फळीवर ठेवलेली पुडी साऱ्या बोईसरची हवा कोरडी करायला बघते आणि तासाभरात थकते!

३. पुठ्ठ्याचं खोकं हे गंजाचं माहेरघर

पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो आणि धरून ठेवतो. त्यातून खोकं थेट फरशीवर ठेवलं, तर खालूनही ओल येते. पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी घ्या आणि ती फळीवर ठेवा. कारखान्यात नवे यंत्रभाग ज्या खास कागदात गुंडाळून येतात, तो व्हीसीआय कागद तारापूरच्या स्टोअरमध्ये काम करणाऱ्यांनी पाहिलेला असेल. त्यातलं रसायन हळूहळू हवेत सुटतं, धातूवर बसतं आणि गंज रोखतं. बंद पेटीत त्याचा एक ताव पुरेसा असतो.

४. भोकांचा बोर्ड आला लाकडाच्या तंतूंतून

भिंतीवर हत्यारं टांगायच्या भोकाभोकांच्या बोर्डाचं मूळ हार्डबोर्डात आहे. अमेरिकेत विल्यम मेसन यांनी १९२४ साली लाकडाच्या तंतूंना दाब आणि उष्णता देऊन तो बनवला. कोरड्या हवेत तो छान टिकतो. आपल्याकडे मात्र पहिल्याच पावसात फुगायला लागतो आणि भोकं सैल पडतात. पालघरच्या हवेला भोकांचा पत्राच बरा, रंग दिलेला. तोही भिंतीला चिकटवून बसवू नका. मागे दोन बोटं जाडीच्या पट्ट्या ठोका, म्हणजे भिंत ओली झाली तरी मागून हवा खेळती राहते.

५. रेषा आखली एका स्वयंपाकघरात

हत्यार जिथे टांगायचं तिथे त्याची बाह्यरेषा आखायची, म्हणजे जागा रिकामी दिसली की काय नाही ते लगेच कळतं. या युक्तीचं एक गाजलेलं उदाहरण कुठल्याच कारखान्यातलं नाही. अमेरिकेतल्या प्रसिद्ध पाककृती-लेखिका जूलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरात त्यांचे पती पॉल यांनी भोकांच्या बोर्डावर प्रत्येक पातेल्याची, तव्याची आकृती काढली होती. २००१ साली ते स्वयंपाकघर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं. आपल्या पंधराच्या पान्याला तेवढाच मान द्यायला एक स्केचपेन पुरतो.

६. एमआयडीसीतला जपानी पाठ

एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची आणि पालघर जिल्ह्याची १ ऑगस्ट २०१४ ची. दोघांचा वाढदिवस एकच! तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत, आणि अशा कारखान्यांत काम केलेल्याला ‘फाइव्ह एस’ नवं नसतं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, साफ करा, तीच पद्धत कायम ठेवा आणि सवय अंगी बाणवा. कारखान्यात हे रोज करणाऱ्या हातांनी घरच्या गॅलरीत एक रविवार दिला, तर सायकलची पेटी कायमची मार्गी लागते. सुरुवात पहिल्या ‘एस’पासूनच करायची: तुटका पाना, वाळलेली सोल्यूशनची ट्यूब आणि दात झिजलेली फ्रीव्हील आधी भंगारात.

७. अणुवीज केंद्रात हत्यारं मोजतात

तारापूर अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी वीजनिर्मिती सुरू केली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. जगभरच्या अणुवीज केंद्रांत एक शिस्त कडक पाळतात: उघड्या यंत्रणेजवळ नेलेलं प्रत्येक हत्यार आत जाताना नोंदवायचं आणि बाहेर येताना मोजायचं. विसरलेला एक लहानसा नटसुद्धा आत मोठं नुकसान करू शकतो. विमानांच्या दुरुस्तीतही हाच नियम. घरी वही नको, पेटीच्या झाकणावर आतून यादी चिकटवा. दहा वस्तू नेल्या, दहा परत आल्या. शेजाऱ्याने नेलेला पंपसुद्धा मग आठवणीत राहतो.

८. छऱ्यांना मिसळणाचा डबा

साध्या सायकलच्या मागच्या हबमध्ये सहसा पाव इंची छर्रे असतात, प्रत्येक बाजूला ९. पुढच्या हबमध्ये तीन-सोळांश इंची, प्रत्येक बाजूला १०. म्हणजे दोन चाकांत मिळून ३८. दोन मापांत फरक जेमतेम दीड मिलिमीटरचा, आणि एकत्र सांडले तर डोळ्यांना चटकन कळत नाही. जुना मिसळणाचा डबा इथे कामी येतो. एका वाटीत पाव इंची, दुसऱ्या वाटीत तीन-सोळांश, तिसऱ्या वाटीत नट, चौथ्या वाटीत वायसर. तळाशी जुन्या स्पीकरचं चुंबक चिकटवलं तर डबा हलला तरी पोलादी छर्रे जागचे हलत नाहीत. सायकलच्या छऱ्यांचं पेटंट फ्रान्समध्ये ज्यूल सुरिरे यांनी घेतलं, तेही १८६९ साली. वाट्या मात्र आपल्याच!

९. ७२ आऱ्यांची गोष्ट

जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलचे आरे मोजून बघा. पुढे ३२, मागे ४०. स्वाराचं आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचं बरंचसं वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून तिथे आठ जास्त. सुटे आरे पेटीत आडवे टाकले की वाकतात आणि बाकीच्या हत्यारांत अडकतात. बांबूचं एक लांब पेर कापा, खालची गाठ ठेवा, वरचं तोंड उघडं सोडा आणि आरे त्यात उभे ठेवा. प्रत्येक मापाला वेगळं पेर, त्यावर माप लिहिलेलं. आउट काढायची चावी त्याच पेराला सुतळीने बांधली की ती शोधायला नको.

१०. आजोबांचा पाना नटाला का बसत नाही?

जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला पाव इंच हा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो. पान्याचा जबडा त्याहून मोठा, साधारण १३.३ मिलिमीटरचा निघतो. आजच्या मेट्रिक पान्यावर मात्र आकडा जबड्याचाच असतो. म्हणून दोन्ही जाती एका खणात ठेवल्या की गोंधळ होतो, आणि जवळपासच्या मापाचा पाना जोराने लावला तर नटाचे कोपरे गोल होतात. दोन खण करा, दोन रंगांच्या टेप लावा. जुने पाने टाकू नका. वरळीच्या हिंद सायकल्सची एखादी गाडी कुणाच्या पडवीत अजून उभी असेल, तर तिला ते लागू शकतात. ती कंपनी आणि सेन-रॅले ही दुसरी सायकल कंपनी, या दोन्हींचं राष्ट्रीयीकरण १९८० साली एकाच कायद्याने झालं.

११. नव्या सायकलमध्येही इंच जिवंत आहे

नट-बोल्ट मिलिमीटरमध्ये गेले, पण चेनच्या दोन पिनांमधलं अंतर आजही बरोबर अर्धा इंच आहे. म्हणून पेटीत इंचाच्या खुणांची पोलादी पट्टी हवीच. चेनचे २४ अर्धे दुवे नव्या चेनमध्ये नेमके १२ इंच भरतात. ते इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की चेन बदलायची. आठव्या भागापर्यंत थांबलात तर तोवर दातेही झिजतात आणि खर्च वाढतो. पेडललाही एक खास नियम आहे: डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. पंधराच्या पान्याच्या जागेशेजारी बोर्डावर तसा बाण काढून ठेवा, म्हणजे भलत्या दिशेने जोर लागत नाही.

१२. अधिकची खूण, पण दोन जातींची

चार पाकळ्यांचे सगळे स्क्रू सारखे दिसतात, पण सारखे नसतात. अमेरिकी फिलिप्स जात १९३० च्या दशकातली. जपानी मापाची जात वेगळी, आणि गिअरच्या सायकलींवरचे अनेक स्क्रू त्या मापाचे असतात. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, घसरतो आणि खाच खराब करतो. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. त्या मापाच्या ड्रायव्हरच्या मुठीवरही रंगाचा तसाच ठिपका लावा, जोडी लगेच जुळते.

१३. ट्यूबचा अदृश्य शत्रू आणि डब्यातलं रॉकेट

सुटी ट्यूब खिळ्याला टांगू नका. घडी पडते तिथे रबर ताणलेलं राहतं, आणि ओझोन वायू ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. हाच वायू ड्रिल मशीनसारख्या कार्बन ब्रशच्या मोटारीतल्या ठिणग्यांतूनही निघतो. ट्यूबला थोडी टाल्कम पावडर लावा, सैल गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि ड्रिलपासून, उन्हापासून, तेलापासून लांब ठेवा. गंजावरचा प्रसिद्ध फवारा डब्ल्यूडी-४० हा १९५३ साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत चाळीसाव्या प्रयत्नात जमला. काम होतं पाणी हटवण्याचं, आणि सुरुवातीला तो ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर वापरला गेला. भिजलेला पाना कोरडा करायला तो उत्तम. चेनला मात्र चेनचंच तेल द्या, कारण पातळ फवारा तिथे फार टिकत नाही.

१४. पंक्चरची पिशवी दाराशी

१९१३ च्या टूर द फ्रान्समध्ये यूजेन क्रिस्टोफ यांच्या सायकलचा पुढचा फोर्क डोंगरात मोडला. दुसऱ्याची मदत घ्यायला मनाई होती. ते सायकल घेऊन पायी गावात उतरले आणि लोहाराच्या भट्टीवर फोर्क स्वतःच्या हाताने जोडला. भाता एका मुलाने हलवला, म्हणून त्यांना दंडही झाला! आपल्याला भट्टी लागत नाही, पण ऐन वेळी सगळं हाताशी लागतं. म्हणून हत्यारं जातीप्रमाणे लावण्यापेक्षा कामाप्रमाणे लावा. दोन टायर लिव्हर, पॉलिश पेपर, सोल्यूशन, पॅच, व्हॉल्व्हची रबरी नळी आणि पंधराचा पाना एका पिशवीत, पंपासकट दारामागे. आठवड्याला लागणारं तेल आणि फडकं कमरेच्या उंचीवर. वर्षातून एकदा लागणारा फ्रीव्हीलचा पुलर सगळ्यात वर. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. ज्या घरात अशी सायकल आली आहे, तिथे ही पिशवी आधी तयार करा आणि मुलीलाच वापरायला शिकवा. पंक्चर झालं म्हणून तिची शाळा एक दिवसही बुडायला नको.

आता तारखा लिहून ठेवा

संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला, आणि आपल्याकडे पाऊस त्यानंतर थोड्याच दिवसांत दार ठोठावतो. त्या दिवशी पेटी रिकामी करा, प्रत्येक पान्याला तेलाचं बोट लावा, पुड्या तापवून परत ठेवा, यादी तपासा. दुसरी तारीख पंचांगात आहेच: खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांना आणि घरात हत्यारांना त्या दिवशी हळद-कुंकू वाहतात, आणि तोवर पाऊसही परतीच्या वाटेला लागलेला असतो. पूजेला मांडण्याआधी पाने पुसा, गंजाचे ठिपके घासा, बोर्डावरच्या फिकट रेषा पुन्हा आखा. वर्षात एवढे दोन दिवस दिलेत, तर उरलेले सगळे दिवस सायकल रस्त्यावर धावेल.